सिंगापूर–क्वालालंपूर : तीनशे किलोमीटर आणि सव्वा तास

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि क्वालालंपूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे २९६ किलोमीटर आहे. विमान कंपन्या आपल्या वेळापत्रकात या प्रवासाला एक तास पाच मिनिटांपासून सव्वा तासापर्यंत वेळ देतात. आता, आजचे कोणतेही प्रवासी जेट विमान उंचावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडते. २९६ ला ८३० ने भागले तर जेमतेम एकवीस मिनिटे येतात. म्हणजे वेळापत्रकातली जवळजवळ पाऊण तासाइतकी किंवा त्याहून जास्त मिनिटे अंतर कापण्यात जातच नाहीत. ती कशात जातात हे पाहिले की आग्नेय आशियातल्याच काय, कुठल्याही लहान पल्ल्याच्या हवाई प्रवासाचे गणित उलगडते.

हा मार्ग लहान असला तरी किरकोळ नाही. फेब्रुवारी २०१८ ला संपलेल्या बारा महिन्यांत या दोन विमानतळांदरम्यान ३०,५३७ उड्डाणे झाली, म्हणजे दिवसाला सरासरी ८४. उड्डाणांच्या संख्येत त्या वर्षी तो जगातला सर्वांत गजबजलेला आंतरराष्ट्रीय मार्ग ठरला आणि हाँगकाँग–तैपेई मार्ग त्याच्या मागे पडला. पुढे करोनाच्या साथीत सीमा बंद झाल्या तेव्हा हीच वर्दळ जवळजवळ थांबली. २०२३ मध्ये आसनांच्या संख्येत हा मार्ग पहिल्या क्रमांकावर आला. त्या वर्षी येथे सुमारे ४९ लाख आसने उपलब्ध होती.

अंतर मोजायचे तर आधी ते कोणत्या दोन बिंदूंमधले, हे ठरवावे लागते. शहरापासून शहरापर्यंत मोजले तर क्वालालंपूर आणि सिंगापूर यांच्यात सरळ रेषेत सुमारे ३१५ किलोमीटर आहेत. रस्त्याने हेच अंतर साडेतीनशेच्या घरात जाते. विमानतळांमधले अंतर मात्र शहरांमधल्या अंतरापेक्षा कमी भरते. याचे कारण क्वालालंपूरचा विमानतळ क्वालालंपुरात नाही. तो सलांगोर राज्यातल्या सेपांग येथे, शहराच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, म्हणजे सिंगापूरच्या बाजूला सरकलेला आहे. जपानी वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांनी रचलेला हा विमानतळ जून १९९८ मध्ये सुरू झाला. त्याआधी आंतरराष्ट्रीय विमाने शहराच्या पश्चिमेकडच्या सुबांग विमानतळावर उतरत. सुबांग ते चांगी हे अंतर सुमारे ३३५ किलोमीटर आहे. एका विमानतळाने जागा बदलली आणि दोन देशांच्या राजधान्यांमधला हवाई पल्ला कागदावर चाळीस किलोमीटरने घटला. प्रवाशाला मात्र ते चाळीस किलोमीटर पुढे आगगाडीत किंवा टॅक्सीत काढावे लागतात.

प्रत्येक विमानतळाला एक अधिकृत संदर्भ बिंदू असतो. त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात आणि अंतराचे आकडे त्यावरूनच निघतात. चांगीचा बिंदू साधारण १.३६ अंश उत्तर अक्षांश आणि १०३.९९ अंश पूर्व रेखांशावर आहे, सेपांगचा २.७५ अंश उत्तर आणि १०१.७१ अंश पूर्वेवर. पृथ्वी गोल असल्याने तिच्या पृष्ठभागावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट ही बृहद्वृत्ताचा तुकडा असते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोलाचे दोन समान भाग केले, तर त्या छेदाची कड म्हणजे बृहद्वृत्त. ही लांबी काढण्यासाठी त्रिकोणमितीचे सूत्र आहे आणि त्यात पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरतात.

पण या दोन विमानतळांसाठी त्या सूत्राची गरजही पडत नाही. दोन्ही विषुववृत्ताला इतके खेटून आहेत की तेथे अक्षांशाचा एक अंश आणि रेखांशाचा एक अंश दोन्ही जवळजवळ सारखेच, सुमारे १११ किलोमीटर भरतात. (मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा अंश १०५ किलोमीटरपर्यंत आखडतो आणि ध्रुवावर तो शून्य होतो.) अक्षांशांतला फरक १.३९ अंश, म्हणजे १५४ किलोमीटर उत्तरेकडे. रेखांशांतला फरक २.२८ अंश, म्हणजे २५३ किलोमीटर पश्चिमेकडे. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हाती आल्या. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढला की उत्तर येते २९६. शाळकरी मुलाला वहीत करता येईल असे हे गणित आहे. पृथ्वी अगदी गोल नसून ध्रुवांपाशी किंचित दबलेली आहे, ती दुरुस्ती केली तरी उत्तरात दोनशे मीटरच्या आसपासच फरक पडतो. लांब पल्ल्यावर गोष्ट वेगळी. सिंगापूर–न्यूयॉर्क या सुमारे १५,३०० किलोमीटरच्या उड्डाणाचा मार्ग सपाट नकाशावर पट्टीने आखायला गेले तर हजारो किलोमीटरची चूक होईल.

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक किलोमीटरमध्ये बोलत नाहीत. त्यांचे माप समुद्री मैल. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर एक भाग म्हणजे एक समुद्री मैल. १,८५२ मीटर ही त्याची ठरलेली लांबी. तासाला एक समुद्री मैल म्हणजे एक नॉट. त्या भाषेत चांगी ते सेपांग हा १६० समुद्री मैलांचा पल्ला आहे.

अंतरावरून वेळ सांगणारी तयार कोष्टके आणि संगणकीय साधने बहुधा एक ठोकळ नियम वापरतात : सरासरी वेग ताशी ८०० किलोमीटर धरा, भागाकार करा आणि वर चढ-उतारासाठी अर्धा तास घाला. त्या नियमाने येथे बावन्न मिनिटे येतात. उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण ते बरोबर येते ते त्या वरच्या अर्ध्या तासामुळे. अंतराचा वाटा त्यात निम्म्याहूनही कमी आहे.

विमानाचा प्रवास प्रत्यक्षात असा होतो. तिकिटावर सुटण्याची जी वेळ छापलेली असते, ती चाके जमीन सोडण्याची नसते. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढले जातात, ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलू लागतो, ती ही वेळ. पोचण्याची वेळही धावपट्टीला टेकण्याची नसून, विमान आपल्या जागी उभे राहून पुन्हा ठोकळे लागण्याची असते. ठोकळा ते ठोकळा या काळाला विमान व्यवसायात ब्लॉक टाइम म्हणतात. वेळापत्रक, वैमानिकांच्या कामाचे तास, विमानाचा दिवसभराचा वापर हे सगळे त्यावर बेतलेले असते. चांगी आणि सेपांग हे दोन्ही अवाढव्य विमानतळ आहेत. प्रत्येकी तीन धावपट्ट्या, आणि त्या जवळपास चार किलोमीटर लांबीच्या. टर्मिनलपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचे, रांगेत उभे राहायचे, आपली पाळी आली की धावायचे, यात दहा ते वीस मिनिटे सहज जातात. उतरल्यावर पुन्हा पाच-दहा मिनिटे. म्हणजे एक तास पाच मिनिटांतली वीस-पंचवीस मिनिटे विमान चक्क जमिनीवर, सायकलस्वाराला लाजवणार नाही अशा वेगाने फिरत असते.

हवेतली मिनिटे उरतात चाळीस-पंचेचाळीस. एकवीसच्या दुप्पट. त्याचे कारण चढ आणि उतार.

लांबच्या प्रवासात विमान ३५,००० ते ४०,००० फुटांवर जाते, कारण तिथली विरळ हवा कमी अडवते आणि इंधन वाचते. या मार्गावर तितके वर जायला जागाच नाही. उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उतरणीने खाली येते. वैमानिकांचा जुना अंदाज असा की दर हजार फूट उंची सोडायला तीन समुद्री मैल लागतात. ३६,००० फुटांवरून उतरायला म्हणजे १०८ समुद्री मैल, सुमारे २०० किलोमीटर हवेत. तितके वर चढायलाही जवळपास तेवढेच. दोन्हींची बेरीज चारशे किलोमीटर होते आणि आपल्याकडे आहेत २९६. म्हणून या मार्गावरची विमाने बहुधा वीस-पंचवीस हजार फुटांच्या पट्ट्यातच राहतात. समजा विमान २४,००० फुटांवर गेले. उतरणीला ७२ समुद्री मैल, म्हणजे सुमारे १३३ किलोमीटर लागतील. चढाला सव्वाशेच्या आसपास. समतल उडायला उरतात चाळीस किलोमीटर. तीन मिनिटे! ज्या वेगाने आपण भागाकार केला तो वेग विमानाला पुरता लाभतो तो या तीन मिनिटांत, आणि कमी उंचीवर तर तोही किंचित कमीच असतो.

त्यातही १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा पाळली जाते. खालच्या हवेत वर्दळ दाट असते आणि पक्षीही असतात. शेवटच्या टप्प्यात पंखांमागचे फ्लॅप बाहेर आले, चाके खाली आली की विमान १४० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी २६० किलोमीटरने धावपट्टीकडे येते. तीनशे किलोमीटरच्या उड्डाणात असा मंद वेगाचा काळ बराच मोठा असतो. पाच हजार किलोमीटरच्या उड्डाणातही तो तेवढाच असतो, पण तिथे तो डोळ्यांत भरत नाही.

विमान कोणत्या दिशेने उडाले आणि कोणत्या दिशेने उतरले यानेही बराच फरक पडतो. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे होकायंत्रावरच्या तिच्या दिशेचे अंश, शेवटचे शून्य गाळून. चांगीच्या धावपट्ट्या ०२ आणि २० या क्रमांकांच्या आहेत : एका टोकाकडून धावले तर तोंड उत्तर-ईशान्येला, दुसऱ्याकडून धावले तर दक्षिण-नैर्ऋत्येला. क्वालालंपूर मात्र वायव्येला आहे. म्हणजे कसेही उडाले तरी वळण घ्यावेच लागते. विमाने वाऱ्याला सामोरी जाऊन उडतात आणि उतरतात. त्यामुळे डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, ०२ ची दिशा चालते आणि जून ते सप्टेंबरमध्ये, नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात, २० ची. दुसऱ्या वेळी विमानाला आधी ज्या बाजूला जायचे नाही त्या बाजूला समुद्रावर जाऊन मग मागे वळावे लागते. सेपांगच्या धावपट्ट्या १४ आणि ३२ च्या दिशेला आहेत. तिसरी धावपट्टी १५ आणि ३३ क्रमांकांची असली तरी दिशा तीच. ३२ वर उतरणे चालू असेल तर सिंगापूरहून येणारे विमान थोड्याशा कलाने जवळजवळ नाकासमोर उतरते. १४ चालू असेल तर विमानतळाच्या पलीकडे जाऊन, वळून, परत यायचे. वीस किलोमीटर पुढे गेले तरी परतीसकट चाळीस किलोमीटर वाढले, तेही सावकाश वेगात.

यामुळे या मार्गावर जाण्या-येण्याच्या वेळेत फरक पडतो तो धावपट्टीच्या दिशेमुळे. वाऱ्याच्या जोराचा त्यात फारसा हात नसतो. वरच्या अक्षांशांवर तसे नसते. तिथे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे विमानाला मागून ढकलतात किंवा समोरून अडवतात, आणि हिवाळ्यात सिंगापूरहून टोकियोला जाणे टोकियोहून येण्यापेक्षा कमी वेळात होते. विषुववृत्ताजवळचे वरचे वारे त्या मानाने दुबळे. तीनशे किलोमीटरमध्ये त्यांचा परिणाम एक-दोन मिनिटांपलीकडे जात नाही.

वाऱ्याने जे सोडले ते ढग वसूल करतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीभोवतीचा हा पट्टा गडगडाटी पावसाचा आहे. दुपारी जमीन तापली की मोठमोठे ढग उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत कोसळतात. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या महिन्यांत पहाटे आणि सकाळी सुमात्राकडून वादळी ढगांची रांग सामुद्रधुनी ओलांडून येते. या भागात त्यांना 'सुमात्राज' असेच म्हणतात. असा ढग धावपट्टीवर आला की उतरणारी विमाने ठरलेल्या जागी अंडाकृती घिरट्या घालत थांबतात. चाळीस मिनिटांच्या उड्डाणात पंधरा-वीस मिनिटांच्या घिरट्या येथे नव्या नाहीत. म्हणून पल्ला लहान असला तरी टाकीत इंधन पल्ल्यापुरते नसते. प्रवासाचे इंधन, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन, आणि त्याखेरीज आणखी तीस मिनिटे हवेत राहता येईल एवढा अखेरचा साठा जेट विमानाला आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ठेवावाच लागतो. चांगी बंद असेल तर शेजारी इंडोनेशियातले बाताम किंवा जोहोरमधले सेनाई असे विमानतळ हाताशी असतात.

आकाशातही सीमा आहेत आणि त्या जमिनीवरच्या सीमांशी जुळत नाहीत. सिंगापूरचे बेट इतके लहान की विमान उडाल्यावर काही मिनिटांत मलेशियाच्या नाहीतर इंडोनेशियाच्या हद्दीत जाते. दक्षिण जोहोरवरच्या हवेतली वाहतूक मात्र १९७४ च्या व्यवस्थेनुसार सिंगापूरचे नियंत्रक सांभाळतात. ही व्यवस्था बदलण्याची मागणी मलेशियाने २०१८ च्या अखेरीस जाहीरपणे पुढे केली. इंडोनेशियाबरोबरच्या अशाच जुन्या वादावर जानेवारी २०२२ मध्ये करार झाला आणि तो मार्च २०२४ मध्ये अमलात आला. शिवाय खुद्द बेटावर पाया लेबार आणि तेंगाह हे लष्करी हवाई तळ आहेत आणि त्यांच्यावरचे आकाश वेगळे राखलेले असते. त्यामुळे चांगीहून नाक वायव्येला करून बेटावरून सरळ निघून जाणे शक्य नसते. आखून दिलेल्या वाटेने, आखून दिलेल्या बिंदूंवरून जावे लागते. २९६ किलोमीटर हे नकाशावरचे अंतर. तेवढेच उडून कोणतेही प्रवासी विमान सहसा पोचत नाही.

या सगळ्याच्या वर कंपन्या आपली थोडी उशीही ठेवतात. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलेले विमान वेळेवर आले असे धरण्याची रीत विमान व्यवसायात आहे. रोजच्या अनुभवाने पंचावन्न मिनिटांत होणाऱ्या प्रवासाला वेळापत्रकात सत्तर मिनिटे दिली की वक्तशीरपणाचे आकडे चांगले दिसतात. "आपण ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी उतरत आहोत" ही घोषणा ऐकून प्रवासी खूश होतो, त्यामागे पुष्कळदा हीच तरतूद असते. त्यात लबाडी आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या विमानाला दिवसातून पाच-सहा फेऱ्या मारायच्या आहेत, त्याची सकाळची पंधरा मिनिटे चुकली तर रात्रीच्या फेरीपर्यंत ती फुगत जातात.

जुन्या काळाशी ताडून पाहिले तर एक गमतीचा हिशेब निघतो. १ मे १९४७ रोजी मलायन एअरवेज या कंपनीने सिंगापूरच्या कालांग विमानतळावरून क्वालालंपूर, इपो आणि पेनांगसाठी नियमित सेवा सुरू केली. विमान होते एअरस्पीड कॉन्सल, दोन इंजिनांचे आणि मोजक्या प्रवाशांचे; त्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हाच्या दोन्ही शहरांतल्या विमानतळांमधले अंतर ३१० किलोमीटरच्या जवळपास होते. भागाकार केला तर सव्वा तास. आजचे जेट तिप्पट वेगवान आहे, तरी वेळापत्रकातली वेळ त्या भागाकाराच्या आसपासच राहिली आहे. वेगाने कमावलेला वेळ मोठ्या विमानतळांनी, लांब धावपट्ट्यांनी आणि गर्दीने खाऊन टाकला.

त्या कंपनीची कहाणीही या मार्गाशी बांधलेली आहे. सिंगापूर ऑगस्ट १९६५ मध्ये मलेशियातून वेगळे झाले, पण विमान कंपनी दोघांची एकच राहिली आणि १९६६ मध्ये तिचे नाव मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्स झाले. १९७२ मध्ये तीही फुटली. एकीची सिंगापूर एअरलाइन्स झाली, दुसरीची मलेशियन एअरलाइन सिस्टम. पुढची साडेतीन दशके हा मार्ग जवळजवळ या दोघींच्याच हातात होता आणि पल्ल्याच्या मानाने भाडे चढे होते. १ फेब्रुवारी २००८ पासून स्वस्त विमान कंपन्यांना मोजक्या फेऱ्या मिळाल्या आणि त्याच वर्षाच्या शेवटी आसियान देशांच्या राजधान्यांमधली हवाई वाहतूक खुली होताना ही मक्तेदारी संपली. २०१४ मध्ये सेपांगला स्वस्त कंपन्यांसाठी दुसरे मोठे टर्मिनल उभे राहिले. आजची गर्दी ही त्या निर्णयांची फलश्रुती आहे.

घड्याळाचाही एक भाग आहे. सिंगापूर आणि क्वालालंपूर दोन्ही जागतिक प्रमाण वेळेच्या आठ तास पुढे, म्हणजे भारताच्या अडीच तास पुढे आहेत. त्यामुळे या प्रवासात घड्याळ बदलावे लागत नाही. पण सूर्याच्या हिशेबाने हे ठीक नाही. १०४ अंश पूर्व रेखांशाची नैसर्गिक वेळ सात तासांच्याही किंचित कमी पुढे असते, म्हणूनच सिंगापुरात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो. १९८१ च्या अखेरपर्यंत तेथे साडेसात तासांची वेळ होती. द्वीपकल्पी मलेशिया आणि बोर्निओतली सबाह-सारावाक ही राज्ये यांची वेळ एक करण्यासाठी मलेशियाने १ जानेवारी १९८२ पासून घड्याळ अर्धा तास पुढे केले आणि सिंगापूरनेही त्याच रात्री ते केले. जाकार्ता आणि बँकॉक मात्र सात तासांवरच राहिले. म्हणून सिंगापूरहून दहा वाजता सुटलेले विमान जाकार्ताला स्थानिक वेळेप्रमाणे अकराच्या आतच पोचते, आणि तिकीट पाहणाऱ्याला हा प्रवास पाऊण तासाचा वाटतो. तो असतो पावणेदोन तासांचा. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून प्रवासाचा काळ काढण्याआधी दोन्ही गावांची प्रमाण वेळ पाहणे भाग आहे.

जाकार्ताचा हाच मार्ग अंतर आणि वेळ यांचे नाते स्पष्ट करतो. चांगी ते जाकार्ताचा सुकार्नो-हट्टा विमानतळ ८८० किलोमीटर. क्वालालंपूरच्या तिप्पट अंतर, पण वेळ दीडपटीच्या थोडी वर. चांगी ते बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ १,४१६ किलोमीटर, जवळजवळ पाचपट. वेळ अडीच तासांच्या आत-बाहेर, म्हणजे दुपटीच्या आसपास. जमिनीवरचे फिरणे, चढ, उतार आणि उशी मिळून पाऊण-एक तासाचा ठरीव खर्च प्रत्येक उड्डाणाला भरावाच लागतो. तो भरून झाला की पुढचे अंतर स्वस्तात पडते.

याचा सर्वांत चोख पुरावा मुंबईकरांना आपल्याच विमानतळावरून मिळतो. मुंबई ते सेपांग हे बृहद्वृत्तावरचे अंतर सुमारे ३,६२४ किलोमीटर आहे आणि मुंबई ते चांगी सुमारे ३,९२१. वजाबाकी २९७. हा योगायोग नव्हे : मुंबई, क्वालालंपूरचा विमानतळ आणि सिंगापूर ही तीन ठिकाणे जवळजवळ एकाच बृहद्वृत्तावर एका ओळीत बसतात. म्हणजे मुंबईहून थेट सिंगापूरला जाणाऱ्या विमानाला क्वालालंपूरच्या पुढे जे अंतर जास्त कापावे लागते, ते नेमके आपल्या या मार्गाएवढेच. पण ते पूर्ण वेगात असताना कापले जाते, म्हणून वेळ वीस-बावीस मिनिटांनी वाढतो. तेच अंतर क्वालालंपूरला उतरून, वेगळ्या विमानाने कापायचे तर सत्तर मिनिटांचे उड्डाण, आणि मधली प्रतीक्षा वेगळी. इंधनाचेही तेच : सर्वांत जास्त इंधन चढताना जळते, म्हणून प्रत्येक किलोमीटरमागे लहान उड्डाण नेहमी महाग पडते.

विमानाऐवजी जमिनीवरून जाण्याची सोय व्हावी म्हणून दोन्ही देशांनी डिसेंबर २०१६ मध्ये अतिवेगवान रेल्वेचा करार केला होता. सुमारे ३५० किलोमीटरचा मार्ग, नव्वद मिनिटांत. खर्चावरून आणि अटींवरून तो रेंगाळला, ३१ डिसेंबर २०२० रोजी संपुष्टात आला आणि मलेशियाने सिंगापूरला दहा कोटी अठ्ठावीस लाख सिंगापूर डॉलर भरपाई दिली. ही गाडी धावली असती तर शहरातून शहरात जाणाऱ्यांनी विमान सोडले असते यात शंका नाही. कारण त्यांच्या दृष्टीने खरा प्रवास ब्लॉक टाइमच्याही बाहेर आहे. सिंगापूर शहरातून चांगी गाठायला अर्धा तास, उड्डाणाच्या दोन तास आधी हजेरी, सत्तर मिनिटांचा विमानप्रवास, उतरल्यावर पारपत्र तपासणी, आणि सेपांगहून केएल सेंट्रल स्थानकापर्यंत ५७ किलोमीटरची रेल्वे, जी न थांबता धावली तरी अठ्ठावीस मिनिटे घेते. बेरीज साडेचार तासांच्या वर जाते. बसने हाच प्रवास सीमेवरच्या दोन तपासण्या धरून पाच-सहा तासांत होतो, तिकीट स्वस्त पडते आणि बस शहरात सोडते. सुट्टीच्या दिवशी सीमेवर रांगा लागतात तेव्हा मात्र विमान बरे.

पुढचे विमान पकडायचे असेल किंवा एका दिवसात जाऊन यायचे असेल, तर विमानाला पर्याय नाही. अशा वेळी तिकीट काढताना फक्त 'क्वालालंपूर' या नावावर विसंबू नये. सुबांगलाही पुन्हा प्रवासी जेट विमाने उतरू लागली आहेत. तिकिटावर त्याचे सांकेतिक नाव एसझेडबी असते आणि सेपांगचे केयूएल. या दोन विमानतळांत सरळ रेषेतही पंचेचाळीस किलोमीटरहून जास्त अंतर आहे. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान घ्यायचे असेल तर मध्ये चार-पाच तास तरी मोकळे ठेवावेत.